पाय उचलल्यावर येणारा आवाज

"आला," ड्रायव्हर म्हणाला. "हा बघा मास्तर, आला."

कानसेनने मान हलवली. मान हलवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. समोरच्याला वाटावं, आपण बोललो ते तर याने ऐकलंच, पण जे बोललो नाही तेही ऐकलं, अशी ती मान हलायची. गेल्या वर्षभरात तिला कामही भरपूर पडलं होतं.

रिकामा ट्रक गोदामांच्या मधल्या सरळ रस्त्यावरून चालला होता. मागच्या धुऱ्यावरचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटून देणारा दातेरी चक्रांचा गोळा, कानसेनने नुकताच सगळा उघडून नवा करून बसवला होता. मोठं चक्र नवं, त्याला फिरवणारा छोटा पिनियन नवा, बेअरिंगं नवी. काम उत्तम झालं म्हणून मालकाने चहाही पाजला होता. आणि आता ड्रायव्हर म्हणत होता की गाडी मागून शिटी मारते. जुनं डिफरन्शियल निदान घरघरत होतं, हे तर किंचाळतं.

कानसेनलाही शिटी ऐकू येत होती. अडचण एवढीच होती की ती त्याला सकाळी तोंड धुतानाही ऐकू आली होती, चहा पितानाही, जिना उतरतानाही. ती ट्रकमध्ये नव्हती, त्याच्या डोक्यात होती. किंवा ट्रकमध्येही होती आणि डोक्यातही होती. दोन्हींचा सूर एकच असेल तर कुठली कुणाची हे कसं ओळखायचं, हे त्याला या जन्मात कोणी शिकवलं नव्हतं.

त्याने ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. इंजिन बंद करायला सांगितलं. इंजिन बंद झालं. शिटी चालूच राहिली. ड्रायव्हर हा खरं तर बडबड्या माणूस, पण त्याने आवाज खाली आणला. मास्तर विचार करताहेत असं त्याला वाटलं. मास्तर घाबरले होते.

"टायरचा असेल," कानसेन म्हणाला. "मागचे टायर एकसारखे झिजलेले नाहीत. बदलून बघू."

टायरचा असेल, हे वाक्य त्याने इतरांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा हसला होता. ज्याला काही कळत नाही तो टायरवर घालतो, असं तो म्हणायचा.

कानसेन हे नाव त्याला वर्कशॉपने दिलं होतं. खरं नाव हजेरीला आणि बायकोच्या रागाला उरलं होतं. गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच हा आतून ओरडायचा, "पुढचं डावं बेअरिंग," आणि ते तेच निघायचं. लांबलांबचे ड्रायव्हर वाट वाकडी करून यायचे. मालक गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टाकून त्याला याच्यापुढे आणून उभं करायचा, जत्रेतला माणूस अस्वलापुढे आणतो तसा, आणि म्हणायचा, "हा आमचा कानसेन. तुम्ही काही बोलू नका, गाडी बोलेल." कानसेनला ते आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

डिफरन्शियल बसवायची त्याची रीतही कानाचीच होती. मोठ्या चक्राच्या आणि पिनियनच्या दातांत किंचित मोकळीक ठेवावी लागते. कमी पडली तर दात एकमेकांना खातात, जास्त झाली तर गाडी ओरडते. ही मोकळीक केसाएवढी असते आणि ती मोजायला घड्याळासारखी तबकडी असलेला गेज मिळतो. मालकाने तो हौसेने आणून ठेवला होता. कानसेनने त्याला कधी हात लावला नाही. तो मोठं चक्र दोन बोटांनी मागेपुढे हलवायचा आणि दातावर दात आपटल्याची टिक ऐकायचा. कोरडी टिक आली की मोकळीक जास्त. टिक ओलसर आली, मऊ आली, की झालं. कोरडी आणि ओलसर म्हणजे काय, हे त्याने पुष्कळांना समजावून सांगितलं आणि ते कोणाच्याही डोक्यात शिरलं नाही. त्यामुळे त्याचा मान आणखी वाढला.

गेज वापरायचा तो त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला इथे चिकटवला कानसेननेच, बायकोने जीव खाल्ला म्हणून. मेहुणा चांगला कामसू होता, पण एकेक काम तीनतीनदा मोजायचा. त्यावरून कानसेन त्याला सगळ्यांदेखत छळायचा. नाचता येईना अंगण वाकडं, कान नाही म्हणून गेज पाहिजे. बाळाला ताप आलाय का रे, बघ बघ, लाव थर्मामीटर. मेहुणा हसायचा. मोठ्या बहिणीचा नवरा, शिवाय नोकरी लावून दिलेला. हसण्यावाचून त्याच्या हातात काही नव्हतं.

आणि मग वर्षामागे कधीतरी बारीक आवाज जायला लागले. एकदम गेले नाहीत. पाहुणे उठून जातात तसे एकेक करून गेले आणि त्यांच्या जागी ही शिटी येऊन बसली. कानसेन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे कोणी ओळखीचं भेटणार नाही अशा ठिकाणी, कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, इतकी वर्षं लोखंड ऐकलंत, नसा थकल्या. गेलेलं परत येत नाही. शिटीची सवय करून घ्या. बाहेर पडताना डॉक्टरने दारापाशी आणखी काहीतरी सांगितलं, पण ते कानसेनला ऐकू आलं नाही. त्याने मान हलवली.

टायर बदलले. ड्रायव्हर एक चक्कर मारून आला आणि खाली उतरून म्हणाला, "टायरचा नाही, मास्तर." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उद्या सकाळी माल भरायचा होता आणि डोंगर उतरून पलीकडे जायचं होतं. त्याने तेवढंच विचारलं, की मास्तर म्हणत असतील चालेल, तर तो जाईल. आवाजाचं काय, कापूस घालता येतो. फक्त मास्तरांनी एकदा म्हणायला पाहिजे.

मालक केबिनच्या दारात उभा होता. मेहुणा दुसऱ्या गाडीखालून डोकं काढून बघत होता. कानसेन म्हणाला, जेवून येतो, मग सांगतो.

त्याचं घर म्हणजे वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या. मालकानेच दिलेल्या, कामावर आहे तोवर. खालचे सगळे आवाज जमिनीतून वर यायचे. लग्न होऊन आल्यावर पहिलं वर्षभर बायकोला झोप लागली नव्हती. आता तिला सुट्टीच्या दिवशी लागत नसे. खिडकीतून खालचं आवार दिसायचं. ट्रक तिथे मध्यभागी उभा होता आणि ड्रायव्हर त्याच्या सावलीत पाय पसरून बसला होता. कानसेनने खिडकीकडे पाठ करून ताट घेतलं.

त्याने ठरवायचा प्रयत्न केला. आवाज आहे म्हणावं, तर कशाचा ते सांगावं लागेल, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. आवाज नाही म्हणावं, तर ड्रायव्हर हसत हसत डोंगरावर जाईल. उतारावर भरलेला ट्रक ब्रेकवर सोडत नाहीत. गिअर टाकून, पाय उचलून, इंजिनाच्या जोरावर धरून ठेवतात. तो सगळा जोर त्या दातांवर येतो. दात चुकीच्या जागी टेकत असतील तर पहिल्या नाही, दुसऱ्या नाही, पण कुठल्यातरी उतारावर तुटतील. ड्रायव्हरची मुलं त्याने पाहिली होती. गेल्या सुट्टीत तो त्यांना केबिनमध्ये बसवून घेऊन आला होता आणि त्यांनी दिवसभर हॉर्न वाजवून सगळ्यांना वेड लावलं होतं. तो हॉर्न कानसेनला ऐकू आला होता. मुलं काय बोलत होती ते कळलं नव्हतं.

बायको काहीतरी बोलली. त्याने वर पाहिलं.

"पुन्हा सांगत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून जेवा म्हणजे कळेल."

 तिने भांडं खाली ठेवलं आणि समोर येऊन बसली.

"मी हाक मारते तेव्हा तुम्ही वळत नाही. आता नवरे वळत नसतातच, म्हणून मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी तुमच्या उशाशी गजर वाजत होता, आणि तुम्ही घड्याळ हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसला होतात. किती वेळ. मी दारात उभी होते."

"बॅटरी उतरली होती त्याची."

"नव्हती उतरली."

खोटं बोलून पकडलं गेल्याचा राग येतो तसा त्याला राग आला. आणि राग ओसरला तेव्हा रडावंसं वाटलं, पण हातात घास होता. मग त्याने तिला सगळं सांगितलं. डॉक्टरचं, शिटीचं, खालच्या ट्रकचं. सांगताना आवाज वाढला असावा, कारण तिने दोनदा हाताने खाली खाली केलं. सांगून टाका मालकाला, ती म्हणाली. तुमचे हात कुठे गेले नाहीत, डोळे कुठे गेले नाहीत.

"आणि ही खोली?" त्याने विचारलं. "कान गेला म्हटल्यावर मला ठेवतील कशाला? आपण कुठे जायचं? तुझ्या भावाकडे?"

 धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते होतं आणि तिला ते कळत होतं. तिने फक्त उठून खिडकी लावून घेतली.

दुपारी तो खाली उतरला आणि ड्रायव्हरला म्हणाला, चल, आणखी एक चक्कर. या वेळी तो खिडकीपाशी नीट टेकून बसला नाही. जोडे काढले आणि अनवाणी पाय केबिनच्या पत्र्यावर टेकवले. मग त्याने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. ड्रायव्हरला म्हणाला, तू सांग.

"मी काय सांगू, मास्तर?"

"कधी येतो ते. पाय दाबलास तेव्हा, एकसारखी चालते तेव्हा, का पाय उचललास तेव्हा. घाई करू नको. ऐकून सांग."

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. रस्ता मोकळा होता म्हणून बरं. मग तो सांगायला लागला, आणि हा बडबड्या माणूस किती नीट ऐकतो, याचं कानसेनला नवल वाटलं. दाबल्यावर नाही. एकसारखी चालते तेव्हा नाही. पाय उचलला, इंजिन गाडीला मागे ओढायला लागलं, की येतो. हा, आला. वेग उतरला की तोही उतरतो. आता गेला. पुन्हा पाय उचलतो. आला.

कानसेनच्या तळव्यांना त्याच वेळी अगदी बारीक काहीतरी कळलं, मुंगी चालल्यासारखं. कदाचित कळलंही नसेल, ड्रायव्हर म्हणाला म्हणून वाटलं असेल. पण उत्तर मिळालं होतं. पाय उचलल्यावर दाताची दुसरी बाजू टेकते. ती बाजू चुकीच्या जागी टेकत होती. शिटी खरी होती. ट्रकची होती. त्याला इतका आनंद झाला की तो हसला, आणि मग आठवलं की चूक कोणाची आहे.

परत आल्यावर त्याने गोळा पुन्हा उतरवला. दातांना निळा रंग फासला, चक्र उलट फिरवून बघितलं. सुलट बाजूला रंगाचा ठसा दाताच्या मधोमध उमटला होता, कौतुक करावं असा. उलट बाजूला तो सरकून पार कडेला गेला होता. मोकळीक जास्त. ही उलट बाजू त्याने बसवताना बघितलीच नव्हती. इतक्या वर्षांत कधी बघितली नव्हती, टिक सगळं सांगायची. आणि टिक ओलसर लागली, म्हणून त्याने नट आवळले होते. कोरडी टिक आता त्याला येतच नव्हती. या कानाला आता जगातली प्रत्येक टिक ओलसर होती.

मालकाने लांबूनच विचारलं, काय झालं? "सापडलं," कानसेन म्हणाला. मालक खूश होऊन आत गेला. आता फक्त पुन्हा बसवायचं होतं.

त्याने चक्राशेजारचा नट थोडा फिरवला आणि दोन बोटांनी चक्र हलवलं. मऊ. आणखी फिरवला. मऊ. उलटा फिरवून मुद्दाम सैल केलं. तरी मऊ. तो कान चक्राला लावून वाकला. मेहुणा आणि बाकीचे दोघे काम थांबवून बघत होते, रोजच्यासारखे, आदराने. किती वेळ गेला कोण जाणे. त्याची पाठ भरून आली आणि ती सरळ करताना त्याच्या लक्षात आलं, की यांच्यासमोर अंदाजाने नट आवळून उठता येईल. कोणाला कळणार नाही. कदाचित जमेलही.

तो उठला आणि स्टोअरच्या खिडकीकडे गेला.

स्टोअर मावशींकडे होतं. तिथली रीत साधी होती: प्रत्येकाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला, हत्यार न्यायचं तर त्याच्या रिकाम्या खुंटीवर आपला बिल्ला अडकवायचा. म्हणजे कुठलं हत्यार कोणाकडे, हे येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसायचं. मावशी कोणाचीही पत्रास ठेवत नसत. मालकाने एकदा स्क्रूड्रायव्हर तसाच नेला तर त्यांनी त्याच्या केबिनमध्ये जाऊन आणला होता.

कानसेनने बिल्ला पुढे केला. काय पाहिजे, असं मावशींनी मानेनेच विचारलं. त्याने गेजकडे बोट दाखवलं. मावशी चेष्टा करायला तोंड उघडणार होत्या. त्यांच्या ओठांवरच ते दिसत होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. डबी पुसली, त्याच्या हातात दिली, आणि बिल्ला स्वतः न लावता त्याच्याकडे परत सरकवला. नेहमी त्या स्वतः लावायच्या. एवढं एक काम त्यांनी त्याच्यावर सोडलं.

त्याने तो खुंटीवर अडकवला. तिथे आजवर मेहुण्याचाच नंबर लोंबकळलेला सगळ्यांना माहीत होता.

गेज लावायचा कसा, हे त्याला येत नव्हतं. चुंबकाचा पाय कुठे चिकटवायचा, काटा दातावर कसा टेकवायचा, तबकडी शून्यावर कशी आणायची. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. मग मेहुणा हात पुसत आला आणि शेजारी बसला.

"भाऊजी, हा असा धरा," तो इतकंच म्हणाला. थर्मामीटरचं तो काही बोलला नाही. बोलला असता तर कानसेनला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ड्रायव्हर एकटाच चक्कर मारून आला. दार उघडून पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, गेला. पाय उचलला, दाबला, सगळं करून बघितलं, पार गेला. त्याचा चेहरा सांगत होता की तो खरं बोलतोय. कानसेनला तेवढ्यावर विश्वास ठेवणं भाग होतं. आपण केलेलं काम चांगलं झालं हे दुसऱ्याच्या तोंडून कळायची ही त्याची पहिली वेळ. ड्रायव्हर जाताना त्याच्या जवळ आला, नीट समोर आला, आणि हळू नव्हे, स्पष्ट बोलला: "मास्तर, मी कोणाला बोलणार नाही." त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं. कानसेनला मात्र कोणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं वाटलं.

म्हणून त्याने स्वतःच सांगायचं ठरवलं. ट्रक फाटकाबाहेर गेला तसा तो मालकाच्या केबिनमध्ये शिरला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मला ब्रेकवर टाका, तो म्हणाला. ब्रेकला डोळे आणि हात लागतात, ते आहेत. पगार तोच पाहिजे असं नाही. गिअर आणि डिफरन्शियल मेहुण्याला द्या, तो मोजून करतो, चुकत नाही. बोलून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं.

मालकाने दार लावलं. त्याला वाटलं होतं तसा मालक चिडला नाही. मालकाने त्याला बसवलं, चहा मागवला, आणि त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलला. असं बोलायला त्याला कोणी सांगावं लागलं नाही, म्हणजे त्याच्या आधीच लक्षात आलेलं होतं.

"ब्रेकला माणसं पुष्कळ मिळतात," मालक म्हणाला. "कानसेन मी कुठून आणू? लोक लांबून येतात ते तुझ्या कानावर येतात. गेज काय, सगळ्यांकडेच असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू फक्त ऐकायचं. ऐकल्यासारखं करायचं. बाकी तुझा मेहुणा बघेल."

कानसेनने सांगून पाहिलं, की अशाने एखाद्या दिवशी माणूस मरेल. मालक म्हणाला, मेहुणा आहे ना. कानसेनने विचारलं, आणि मला नसेल करायचं तर?  मालकाने छताकडे पाहिलं. छताच्या वर, बरोबर तिथेच, बायको स्वयंपाक करत असणार. तिच्या पावलांचा आवाज खाली येत असावा. मालक ते ऐकत होता.

तेव्हापासून ती व्यवस्था सुरू झाली. गिऱ्हाईक आलं की मालक खांद्यावर हात टाकून आणायचा. कानसेन वाकायचा, डोळे मिटायचा. मेहुणा जवळच कुठेतरी उभा राहून ऐकायचा. त्याने फडक्याने हात पुसले तर आवाज आहे, खिशात घातले तर नाही. समोरच्या बाजूला उभा राहिला तर पुढे, मागे उभा राहिला तर मागे. हे सगळं त्या दोघांनी वर जेवताना ठरवलं, बायको वाढत असताना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे? बायकोने एकदा विचारलं, असं किती दिवस? दोघांनीही भात मागून घेतला. मेहुणा आता हसत नसे. त्याच्या जागी आपण असतो तर हसलो असतो, असं कानसेनला वाटायचं आणि त्याला मेहुण्याचा उगीचच राग यायचा.

गिऱ्हाइकं वाढली. मालकाचं म्हणणं खरं निघालं.

मग एकदा मेहुण्याला ताप आला आणि तो घरी राहिला. त्याच दिवशी शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या एक बाई आपली गाडी घेऊन आल्या. गाडी त्यांचीच, चालवायच्याही त्याच. मागून आवाज येतो म्हणाल्या. तीन ठिकाणी दाखवली, सगळे म्हणाले तुमचा भास आहे. पण मला येतो, त्या म्हणाल्या. रोज वीस मुलं बसतात माझ्यामागे, एवढी बडबड करतात, त्यातूनही मला येतो. मग कोणीतरी सांगितलं, तिथे एक जण आहेत, त्यांना दाखवा.

कानसेनला त्यांचं बोलणं अर्धं ओठांवरून कळलं. गाडीची मागची चाकं उचलून ठेवली होती आणि इंजिन चालू होतं. त्याने बाईंना जवळ बोलावलं. त्याला एकदम धीर आला होता, कारण हे त्याला येत होतं. कान नसला तरी हे त्याला येत होतं.

"तुम्हीच सांगा मला," तो म्हणाला. "कधी येतो? पाय दाबल्यावर, की उचलल्यावर?"

बाई आठवायला लागल्या. कोणीतरी पहिल्यांदाच त्यांना विचारत होतं. त्या बोलणार, तेवढ्यात मालक मध्ये आला आणि हसला.

"अहो बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्ही नुसत्या उभ्या राहा. हा आमचा कानसेन आहे." मग आवारात वळून तो ओरडला, "ए, कंप्रेसर बंद करा. त्याला ऐकू द्या."

कंप्रेसर बंद झाला. वेल्डिंगवाल्याने काम थांबवलं. मावशी स्टोअरच्या खिडकीत आल्या. जो तो हातातलं काम तसंच ठेवून गप्प उभा राहिला, आणि बाईंनी मोकळं व्हावं म्हणून एक पाऊल मागे घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की कानसेनला त्यांच्याकडे बघवेना. तो वाकला आणि धुऱ्याला कान लावला. इंजिनाची जाड घरघर त्याला व्यवस्थित ऐकू येत होती. तिच्यावर शिटी होती.

बाईंचे ओठ हलले. येतो ना, असं त्या विचारत असाव्यात.

"थांबा," तो म्हणाला. "अजून ऐकतो."